शर्यत पायांची, कसोटी पोटाची

सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते वाकून बसलेले, घामाने निथळणारे तरुण आणि त्यांच्या पिळदार पोटऱ्या. ज्याच्या पायांत जोर जास्त तो पुढे, असा आपला सरळ हिशेब असतो. दहा-वीस किलोमीटरच्या शर्यतीला तो लागूही पडतो. पण अंतर दोनशे, सहाशे किंवा हजारो किलोमीटरचे असेल, तर हिशेब बदलतो. तिथे पाय दुसऱ्या नंबरावर जातात. पहिला नंबर पोटाचा, मग पाण्याचा आणि मिठाचा, आणि रात्र पडली की झोपेचा. लांब पल्ल्याच्या वाटेवरून अर्ध्यातून परतणाऱ्यांना विचारून पाहा. ओकाऱ्या झाल्या, चक्कर आली, खाल्लेले पोटात ठरेना, डोळे मिटायला लागले, अशीच कारणे बहुधा ऐकायला मिळतील.

मंडळी, मी कवी माणूस. डॉक्टर नाही आणि व्यायामशिक्षकही नाही. पण मी राहतो सालेकसा तालुक्यात, गोंदिया जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. एका बाजूला दरेकसाचे डोंगर, त्यापलीकडे छत्तीसगड. जंगल, धानाच्या बांधी आणि मधून जाणारी हावडा-मुंबई रेल्वे. इथे सायकल ही चैन कधीच नव्हती. दूधवाला, पोस्टमन, कामावर जाणारा मजूर, शाळेत जाणारी मुलगी, सगळ्यांचे पाय म्हणजे सायकल. आता याच सायकलीवरून जग जिंकता येते हे आमच्याकडच्या पोरांच्या कानावर आले आहे, आणि ती विचारतात, 'चाचा, पावडर कुठली घ्यायची?' हा प्रश्न ऐकला की मला काळजी वाटते. ज्या जिल्ह्याला धानाचा जिल्हा म्हणून ओळखतात, तिथल्या पोराला ताकद डब्यातून येते असे वाटावे? म्हणून हा विषय वाचला, जाणकारांना विचारला आणि आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

आधी थोडी माहिती. सायकलवरून दूरवर जाण्याचे वेड आपल्याकडे नवे नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरची फेरी पुरी करून १९२८ साली परत आले. वाळवंटे, बर्फ, जंगले त्यांनी सायकलवर पार केली. पुढे मुंबई-पुणे शर्यतीने बोरघाट चढणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या.

अलीकडची गोष्ट त्याहून मोठी आहे. अमेरिकेत १९८२ पासून एक शर्यत होते, 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'. पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे आणि पूर्व किनाऱ्यापर्यंत जायचे, सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहे, वारा सुटलेली सपाट मैदाने आहेत. एकट्याने भाग घेणाऱ्याला साधारण बारा दिवस मिळतात. म्हणजे रोज चारशे किलोमीटर. घड्याळ रात्री थांबत नाही. झोपलात तर तो वेळ तुमचाच गेला. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ही शर्यत आठ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ साली एकट्याच्या गटात दोन भारतीयांनी ती वेळेत पूर्ण केली: तेव्हा नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ. समर्थांना ११ दिवस २१ तास ११ मिनिटे लागली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सैबेरियातली शर्यतही पूर्ण केली.

या चौघांची नावे पुन्हा पाहा. चौघेही डॉक्टर. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. शरीर म्हणजे काय, ते कशावर चालते, केव्हा थकते आणि केव्हा फसवते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ही वाट आधी पार केली. आणि ही विद्या काही वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीआड बंद नाही. तिचा मोठा भाग चुलीपाशी बसून समजण्यासारखा आहे.

चुलीचेच उदाहरण घेऊ. चुलीत आपण काटक्या घालतो आणि ओंडकाही ठेवतो. काटक्या चटकन पेटतात, भडकतात आणि संपतात. ओंडका सावकाश जळतो, पण तासन्‌तास पुरतो. आणि काटक्यांची धग नसेल, तर एकटा ओंडका धुमसत राहतो. आपल्या शरीरातही अशी दोन इंधने आहेत. भात, पोळी, गूळ, केळी यांतून मिळणारी साखर स्नायूंत आणि यकृतात साठवली जाते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. या काटक्या. सगळा साठा मिळून चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. दुसरे इंधन चरबी, म्हणजे ओंडका. अगदी सडपातळ माणसाच्या अंगावरही पाच-सहा किलो चरबी असतेच, आणि तिच्यात चाळीस हजारांच्या आसपास कॅलरी असतात.

आता साठ किलो वजनाचा एक तरुण ताशी वीस किलोमीटरच्या संथ वेगाने दोनशे किलोमीटर निघाला असे समजा. दहा तास पायडल मारायचे आणि तासाला सुमारे ४०० कॅलरी लागणार. एकूण चार हजार. संथ वेगात यांतला निम्मा भाग चरबीतून येऊ शकतो. उरलेले दोन हजार साखरेतून, म्हणजे साठा जवळजवळ सगळाच रिकामा. म्हणून त्याने वाटेत खात राहिले पाहिजे. आता हाच तरुण सुरुवातीला ईर्षेने ताशी तीसने सुटला तर? वेग वाढला की शरीर ओंडका बाजूला ठेवते आणि काटक्याच भराभर जाळते. दोन तासांतच साठा तळाला जातो. मग एकाएकी पायांतले बळ जाते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, रडू येते, चीड येते. मेंदूचे मुख्य इंधन साखरच असल्यामुळे डोकेही काम देत नाही. एकदा ही अवस्था आली की तास-दीड तास तरी वाया जातो, आणि रस्त्यावर वाहने असतील तर जिवाशी गाठ पडते.

म्हणून लांब पल्ल्याच्या सरावाचे खरे काम दोनच: ओंडका जाळायला शरीराला शिकवायचे, आणि चालत्या सायकलवर काटक्या घालत राहायला पोटाला शिकवायचे. बाकी सारे तपशील आहेत.

पण त्याआधी एक पायरी आहे आणि आमच्या भागात ती चुकवून चालणार नाही. ती म्हणजे सिकलसेलची तपासणी. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत, हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. यात रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला किंवा अंगातले पाणी घटले की विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. ज्याला आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष मिळाला तो रुग्ण. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या शर्यतीच्या वाटेला जाऊ नये. ज्याला एकाच बाजूने मिळाला तो वाहक. वाहक एरवी ठणठणीत असतो. शेतात राबतो, खेळतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला बहुधा माहीतही नसते. मात्र भर उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जोर लावला, तर वाहकाचेही स्नायू कोलमडू शकतात. क्वचित ते मूत्रपिंडावर आणि जिवावर बेततेे.

वाहकाने सायकल चालवू नये असा याचा अर्थ नाही. त्याने आपण वाहक आहोत हे जाणून चालवावी. सराव हळूहळू वाढवावा, पाणी कमी पडू देऊ नये, ऊन टाळावे, आणि चढावर जीव तोडून जोर लावू नये. रक्ताच्या थेंबावर पहिली चाचणी होते आणि तीत काही निघाले तर पुढची तपासणी. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची सोय असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्यातही गावोगावच्या तपासणीवरच भर आहे. त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, मुलींनी तर नक्कीच. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आमच्या जिल्ह्यातल्या मुली रोज शाळेत जातात. त्यांच्या पायांत सराव आधीच आहे. पण रक्त कमी असेल, तर प्राणवायू वाहून नेणारेच कमी, मग दम कुठून येणार?

आता सराव. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने शर्यतीऐवजी 'ब्रेव्हे'पासून सुरुवात करावी. हा फ्रान्समधून आलेला उपक्रम आहे. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचे, एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. हेल्मेट, दिवे आणि चमकणारे जाकीट बंधनकारक असते. नागपुरातही असे उपक्रम होतात. सायकल महागडीच हवी अशी अट नाही. ती नीट देखभाल केलेली आणि आपल्या मापाची हवी. सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघे बोलू लागतात. पंक्चर काढता येणे हाही सरावाचाच भाग आहे. रात्री दोन वाजता जंगलात दुकान उघडे सापडत नाही.

आमच्याकडे पोळा झाला की सराव सुरू करावा. रोवणी आटोपलेली असते, पावसाचा जोर ओसरू लागतो आणि डिसेंबरपर्यंत सोळा आठवडे हातात राहतात. आठवड्यातून चार दिवस पुरेत. दोन दिवस तास-दीड तास संथ. एक दिवस चढाचा: दरेकसाकडच्या चढासारखा एखादा चढ पाच मिनिटे जोर लावून चढायचा, सावकाश उतरायचे, आणि असे चार-पाच वेळा. चौथा दिवस रविवारचा, लांब फेरीचा. पहिल्या रविवारी ४० किलोमीटर, मग ४५, मग ५०, आणि चौथ्या रविवारी पुन्हा ४०. पुढच्या महिन्यात ६०, ७०, ८० आणि उतरून ६०. त्यानंतर ९०, १०५, १२० आणि उतरून ८०. मग १३५, मग १५०. पंधराव्या आठवड्यात फक्त ८० आणि सोळाव्यात परीक्षा. सालेकसा ते गोंदिया हे अंतर चाळीसेक किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी होतेच.

दर चौथ्या आठवड्याला आपण अंतर कमी केले, हे लक्षात आले असेल. ती सवलत नाही, तो सरावच आहे. शरीर श्रम करताना बळकट होत नाही. श्रमानंतरच्या विश्रांतीत होते. नांगरलेली जमीनही काही दिवस उन्हात तापू द्यावी लागते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावावी. रोज ६० असणारी नाडी एखाद्या दिवशी ६८-७० झाली, तर त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. शरीर पुरते सावरलेले नाही किंवा आजारपण येते आहे, असा तो निरोप असतो.

आणि वेग किती असावा? शंभरातली ऐंशी मिनिटे वेग असा असावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. मी आमच्या पोरांना सांगतो, पाठ असलेल्या कवितेचे एक कडवे धाप न लागता म्हणता आले तर वेग बरोबर. शब्द तुटू लागले तर तुम्ही काटक्या जाळता आहात. याच संथ सरावात स्नायूंतले चरबी जाळणारे कारखाने वाढतात. तरुणांना हे सगळ्यात कठीण जाते. जोर लावणे सोपे, जोर राखून ठेवणे अवघड. त्यालाच आमच्या घरी सब्र म्हणतात आणि तुमच्या घरी धीर.

रोजच्या जेवणाचे काय? सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. साठ किलोच्या तरुणाला नव्वद ग्रॅम झाली. आता हिशेब मांडा. चारशे ग्रॅम तांदूळ आणि कणीक मिळून तीसेक ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण चौदा, शंभर ग्रॅम फुटाणे वीस, मूठभर शेंगदाणे बारा, दोन अंडी बारा, अर्धा लिटर दूध सोळा. बेरीज शंभराच्या वर गेली. अंडे न खाणाऱ्याचेही भागते. यात कुठेही डबा नाही. पावडर विष असते असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात तिच्यासाठी महिन्याचे दूध बंद करावे लागते, त्या घराने ती आणू नये. तळ्यातली मासळी, हिरव्या पालेभाज्या, चुकता न खाल्लेले लिंबू यांची किंमत डब्यावर छापलेली नसते म्हणून आपल्याला कळत नाही, इतकेच.

आणि भाताला कमी लेखू नका. परदेशातले व्यावसायिक सायकलपटू शर्यतीत खिशात भाताच्या वड्या ठेवतात. चिकट भात शिजवायचा, मीठ-साखर घालून थापायचा, चौकोनी तुकडे कापायचे आणि कागदात गुंडाळायचे. तो पोटाला हलका, चावायला सोपा आणि पटकन ऊर्जा देणारा. आमच्याकडची मीठ घातलेली पेज हे त्याचेच पातळ रूप. फक्त शिजवलेला भात उन्हात फार वेळ ठेवू नये, तो बिघडतो. थंडीत दोन-चार तासांत संपवावा.

सायकलवर असताना दर तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. म्हणजे काय? दोन केळी आणि गुळाचा छोटा खडा. किंवा मूठभर भाजक्या पोह्यांचा कमी तेलाचा चिवडा आणि लिंबाएवढा गूळ. किंवा आठ-नऊ खजूर. किंवा भाताची मोठी वडी आणि दोन-चार घोट सरबत. मोहफुलांचे लाडूही चालतील; त्यात साखर भरपूर असते. भूक लागण्याची वाट पाहू नये. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच पहिला घास जावा आणि मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे. समोसा, भजी, भरपूर शेंगदाणे, कच्चे चणे हे त्या दिवशी नकोत. तेल आणि चोथा पोटात रेंगाळतो, आणि पायांकडे धावणाऱ्या रक्ताला पोटाकडे वळायला फुरसत नसते.

इथे गुळाची एक गंमत सांगतो. आतड्यात ग्लुकोज शोषून घेणारा दरवाजा वेगळा आणि फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, शोषणारा वेगळा. एकाच दारातून तासाला साठेक ग्रॅमच आत जाऊ शकते. दोन्ही दारे उघडली तर सराव असलेला माणूस नव्वद ग्रॅमपर्यंत पचवू शकतो. महागड्या जेलच्या पाकिटात म्हणूनच दोन साखरा मिसळलेल्या असतात. आपल्या गुळात आणि साखरेत त्या दोन्ही मुळातच जोडीने असतात.

मात्र पोटालाही सराव लागतो. जे शर्यतीत खायचे ते आधी रविवारच्या फेऱ्यांत खाऊन पाहिलेले असावे. शर्यतीच्या दिवशी नवे काही नको. नवा पदार्थ नको आणि नवी चड्डीही नको.

आता पाणी आणि मीठ. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि अर्धा सल्ला घातक ठरू शकतो. घामाबरोबर मीठही जाते. दहा-बारा तास नुसतेच पाणी पीत राहिले, तर रक्तातले मीठ पातळ होते. डोके दुखते, मळमळते, बोटे सुजतात, माणूस भ्रमल्यासारखा बोलतो. सोबतच्यांना वाटते पाणी कमी पडले, म्हणून ते आणखी पाणी पाजतात. यात माणसे दगावली आहेत. ओळखायची खूण सोपी: फेरीआधी आणि फेरीनंतर वजन करावे. एखादा किलो घटले तर ठीक. वजन वाढले असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. थंडीत साधारण तासाला अर्धा लिटर पुरते, उकाड्यात पाऊण लिटर किंवा थोडे अधिक. बाकी तहानेचे ऐकावे.

सरबत घरीच करावे. एक लिटर पाण्यात ५०-६० ग्रॅम साखर किंवा गूळ, पाव चमचा मीठ आणि लिंबू. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे पाणी अधिक वेगाने ओढून घेते. याच तत्त्वावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनोबीस यांनी बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, सलाइन संपत आलेले असताना, मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या हजारो रुग्णांचे प्राण वाचवले. जुलाबासाठीच्या त्या पाण्यात साखर कमी आणि मीठ जास्त असते, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सायकलवर ऊर्जाही हवी म्हणून साखर वाढवायची. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

उपवासाचाही प्रश्न येतो. रमजानच्या महिन्यात मला तो दरवर्षी विचारतात. रोजात पाण्याचा थेंबही नसतो, तेव्हा लांब फेरी काढू नये. इफ्तारच्या आधी अर्धा तास संथ किंवा इफ्तारनंतर तासभर, इतके पुरे. महिनाभरात सारा सराव वाहून जात नाही. लांबच्या प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची मुभा तर धर्मानेच दिलेली आहे. नवरात्राच्या उपवासात परिस्थिती थोडी बरी, कारण साबुदाणा म्हणजे पिष्टच. पण पाण्यावर उपवास करून शंभर किलोमीटर जाणे ही भक्ती नव्हे आणि व्यायामही नव्हे.

शेवटी झोप. दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत ती फारशी सतावत नाही. त्यापुढे मात्र तीच खरी प्रतिस्पर्धी. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत स्पर्धक दिवसाला दोन-तीन तासांवर भागवतात. त्यांना रस्त्यावर नसलेली माणसे दिसतात, झाडे बोलू लागतात. मानेचे स्नायूही हार मानतात आणि डोके सावरत नाही. १९८३ साली मायकेल शर्मर नावाच्या स्पर्धकाला हा त्रास झाला, तेव्हापासून त्याला 'शर्मर्स नेक' असेच नाव पडले आहे. अशा वेळी मागच्या गाडीतली माणसे, म्हणजे खायला देणारी, औषध पाहणारी, 'आता झोप' असे दरडावून सांगणारी मंडळीच स्पर्धकाला पैलतीरी नेतात. एकट्याची शर्यतही एकट्याची नसते. आपल्याकडच्या रात्रीच्या रस्त्यावर मागून ट्रक येत असतात. तेव्हा डुलकी आली की ढाब्याच्या बाकावर वीस मिनिटे पडावे, कपभर चहा घ्यावा, मगच निघावे. चहा झोप पुढे ढकलतो, तिची जागा घेत नाही. शर्यतीच्या आधीचा आठवडाभर पोटभर झोपणे ही सगळ्यात स्वस्त तयारी आहे.

पुणे ते गोवा असे सुमारे ६४० किलोमीटर सायकलवर जाण्याची एक शर्यत आपल्या महाराष्ट्रात होते, आणि तिच्यातून अमेरिकेतल्या शर्यतीची पात्रता मिळवता येते. वाट तशी मोकळी आहे. सालेकसाहून एखादे पोर किंवा पोरगी तिच्यावर कधी उतरेल, ते मला सांगता येणार नाही. पण उतरले, तर त्याच्या खिशात काय असावे ते मला ठाऊक आहे: रक्ततपासणीचे कार्ड, गुळाचे खडे, मिठाची पुडी आणि आपल्याच बांधीतल्या तांदळाची वडी. बाकी राहिला धीर. तो विकत मिळत नाही. तो दर रविवारी दहा-पंधरा किलोमीटरने वाढवावा लागतो.